पिण्याचा नकाशा वेगळा, पिकाचा वेगळा

अकोटहून अकोल्याला येताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंची शेतं नीट बघा. अकोटच्या आसपास, सातपुड्याच्या पायथ्याशी, संत्र्याच्या आणि केळीच्या बागा दिसतात. चोहोट्टा बाजाराच्या पुढे बागा विरळ होत जातात. गांधीग्रामला पूर्णा नदी ओलांडेपर्यंत मग कापूस, तूर, हरभरा, आणि तेही बहुतेक पावसाच्या भरवशावर. सगळा रस्ता पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपासचा. आकाश तेच, काळी मातीही तीच वाटते. बदललेलं असतं ते जमिनीखालचं पाणी. पायथ्याच्या जाड्या गाळात, दगडगोट्यांत मुरणारं पाणी खोल असलं तरी गोड लागतं. पूर्णेच्या दोन्ही काठांना गाळ बारीक, चिकण. तिथं पाणी फारसं हलत नाही, क्षार धुऊन जात नाहीत. हाच अकोला, अमरावती, बुलडाणा या जिल्ह्यांतला खारपाणपट्टा. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात या पट्ट्यातली ९३२ गावं घेतली गेली, यावरून त्याचा आवाका लक्षात यावा.

या पट्ट्यातल्या माणसाला पाणी खारं आहे हे सांगायला नकाशा लागत नाही. ते त्याच्या जिभेला कळतं. पण नेमकी कोणती विहीर प्यायला चालेल, कोणती नुसती वापरायला, कोणतं पाणी हरभऱ्याला एकदा दिलं तर भागेल आणि कोणतं पाणी जमीन कायमची बिघडवेल, हे जिभेला कळत नाही. ते कळायला तपासणी लागते, आणि तपासणीचे आकडे गावाच्या नकाशावर मांडावे लागतात. हे काम ग्रामपंचायत, पाणीपुरवठा समिती, शाळेतले शिक्षक, शेतकरी गट यांना करता येण्यासारखं आहे. हा लेख त्यांच्यासाठी.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. गावाच्या पाण्याचा एक नकाशा करू नका. निदान दोन करा, पिण्याचा वेगळा आणि सिंचनाचा वेगळा. का, ते एका हिशेबातून दाखवतो.

समजा गावात एक जुनी उथळ विहीर आहे आणि एक खोल बोअर. विहिरीच्या लिटरभर पाण्यात कॅल्शियम १०० मिलिग्रॅम, मॅग्नेशियम ७३, सोडियम ११५, बायकार्बोनेट ३६६ आणि नायट्रेट ९०. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम २०, मॅग्नेशियम १२, सोडियम २५३, बायकार्बोनेट ४८८ आणि फ्लोराइड १.८. विहिरीची विद्युत वाहकता, म्हणजे ईसी, साधारण १६०० मायक्रोसीमेन्स येईल, बोअरची १३००. ईसीला ०.६४ नं गुणलं की विरघळलेल्या एकूण क्षारांचा, टीडीएसचा, ढोबळ अंदाज येतो. विहीर हजाराच्या थोडी वर, बोअर सव्वाआठशेच्या आसपास. नुसत्या टीडीएसच्या मीटरवर भरवसा ठेवला तर बोअर चांगली ठरते. घरातलीही साक्ष तीच मिळेल. विहिरीच्या पाण्यात तूरडाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, भांड्यांवर पांढरा थर बसतो. बोअरच्या पाण्यात डाळ मेणासारखी शिजते. गावात त्याला ‘हलकं पाणी’ म्हणतील.

आता आकडे उलगडून बघू. डाळ न शिजणं हे कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचं, म्हणजे कठीणपणाचं लक्षण. सिंचनाच्या हिशेबात मात्र हीच दोन मूलद्रव्यं जमिनीची मित्र असतात आणि सोडियम वैरी. हिशेबासाठी मिलिग्रॅमचे मिलिइक्विव्हॅलंट करायचे. कॅल्शियमला २० नं भागा, मॅग्नेशियमला १२.२ नं, सोडियमला २३ नं, बायकार्बोनेटला ६१ नं आणि अहवालात कार्बोनेट असेल तर त्याला ३० नं. विहिरीचे आकडे येतात कॅल्शियम ५, मॅग्नेशियम ६, सोडियम ५, बायकार्बोनेट ६. बोअरचे १, १, ११ आणि ८.

सोडियम शोषण गुणोत्तर, ज्याला अहवालात एसएआर म्हणतात, ते असं काढतात: कॅल्शियम आणि मॅग्नेशियमची बेरीज, तिची निम्मी, तिचं वर्गमूळ, आणि त्यानं सोडियमला भागायचं. विहिरीचं येतं २.१, बोअरचं ११. दुसरा आकडा आरएससीचा, म्हणजे उर्वरित सोडियम कार्बोनेटचा. कार्बोनेट आणि बायकार्बोनेटच्या बेरजेतून कॅल्शियम-मॅग्नेशियमची बेरीज वजा करायची. विहिरीचा आरएससी उणे ५, बोअरचा अधिक ६. आरएससी १.२५ च्या आत असेल तर पाणी निर्धास्त द्यावं, २.५ पर्यंत जपून, त्यापुढे सिंचनाला अयोग्य, असं प्रचलित वर्गीकरण सांगतं. म्हणजे घरातलं ‘हलकं पाणी’ शेतात सगळ्यात जड पडलं. ते वर्षानुवर्षं दिलं तर काळी जमीन चोपण होते. पाऊस पडला की चिखलाचा लेप, वाळली की दगडासारखी ढेकळं, वरून पाणी सोडलं तर मुरतच नाही.

आणि पिण्यासाठी? भारतीय मानक आयएस १०५०० (२०१२) प्रमाणे नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. त्यात सवलतीची मर्यादाच नाही. फ्लोराइड १ पर्यंत असावं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. विहीर नायट्रेटवर नापास, बोअर फ्लोराइडवर. शिवाय खतातलं नत्र पाण्यातच असल्यानं विहिरीचं तेच नायट्रेट कपाशीला उपयोगीही पडतं. एकाच रंगात हे सगळं कसं दाखवणार?

याच कारणासाठी मला ‘पाणी गुणवत्ता निर्देशांक’ एवढ्यावरच थांबणारे नकाशे पटत नाहीत. निर्देशांकात दहा-बारा घटकांना भार देऊन एक आकडा काढतात आणि त्यावरून ‘उत्तम’, ‘बरं’, ‘वाईट’ असे पट्टे रंगवतात. जिल्ह्याचं चित्र एका नजरेत बघायला तो ठीक आहे. पण फ्लोराइड २ असलेली आणि बाकी सगळं चोख असलेली विहीर त्या सरासरीत ‘बरं’ म्हणून सहज सुटून जाते. त्या विहिरीचं पाणी पिणाऱ्या मुलांचे दात मात्र सुटत नाहीत. पिण्याच्या नकाशात नियम एकच ठेवा: विहिरीचा रंग तिच्या सर्वांत वाईट घटकानं ठरेल, आणि तो घटक कोणता हे टिंबाशेजारी लिहिलेलं असेल.

नमुन्यापासून नकाशा सुरू होतो

तलाठी कार्यालयातून गाव नकाशा मिळतो, गट क्रमांकांसह. महाभूनकाशाच्या संकेतस्थळावरही तो बघता येतो. तो मोठ्या कागदावर छापून घ्या आणि गावातल्या दोन-तीन जाणत्या माणसांबरोबर बसून विहिरी, बोअर, हातपंप मांडा. प्रत्येकाला क्रमांक द्या आणि तो जागेवर रंगानं लिहा, कारण ‘पाटलाची विहीर’ पुढच्या वर्षी तीन निघतात. मोबाइलवर अक्षांश-रेखांश घेताना दशांशाचे पाच आकडे टिपा. अक्षांश आधी, रेखांश नंतर. अकोला २०.७ अक्षांशावर आणि ७७ रेखांशावर आहे. हे दोन आकडे उलटे टाकले की तुमची विहीर थेट उत्तर ध्रुवाजवळच्या समुद्रात जाऊन बसते. नोंदवहीत ही चूक दिसत नाही, संगणकावर लगेच दिसते.

प्रत्येक नोंदीत सगळ्यात मोलाची गोष्ट खोली. मी पहिल्यांदा असा नकाशा केला तेव्हा चाळीस फुटांच्या विहिरी आणि दोनशे-तीनशे फुटांच्या बोअर एकाच रंगपट्टीत मांडल्या. नकाशा ठिपक्याठिपक्यांचा, अर्थहीन दिसायला लागला. गोड विहिरीला लागून खारी बोअर, तिच्या पुढे पुन्हा गोड विहीर. दोष पाण्याचा नव्हता. जमिनीखालचे दोन वेगवेगळे थर मी एका कागदावर एकमेकांत कालवले होते. विहिरी एका कागदावर आणि बोअर दुसऱ्यावर घेतल्याबरोबर नाल्याच्या काठानं गोड विहिरींची रांग उमटली. पावसाळ्यात नाल्यातून मुरणारं पाणी खाऱ्या पाण्याच्या वर पातळ थरासारखं बसतं, ते त्या रांगेत दिसत होतं. अशा विहिरीचा उपसा बेताचाच ठेवावा लागतो. जास्त ओढलं की खालचं खारं पाणी वर चढतं.

नमुना कसा घ्यायचा याकडे फार लक्ष द्या. बोअर किंवा हातपंप आधी पाच-दहा मिनिटं चालवा, पाइपात साचलेलं शिळं पाणी जाऊ द्या. विहिरीतून घेताना कडेचं किंवा पृष्ठभागावरचं नको. बादली मधोमध सोडून फूट-दोन फूट खालून भरा. पाण्याच्या टाकीतून कधीच घेऊ नका. एक लिटरची स्वच्छ प्लास्टिकची बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळा आणि काठोकाठ भरून घट्ट लावा. ईसी आणि सामू जागेवरच मोजा. ईसीचा मीटर त्या दिवशी सकाळी १४१३ मायक्रोसीमेन्सच्या प्रमाण द्रावणात तपासून घ्या. बाटलीवर क्रमांक, तारीख, वेळ, स्रोताची खोली, पाण्याची पातळी. बाटली सावलीत, शक्यतो बर्फाच्या डब्यात. जंतूंच्या तपासणीची बाटली वेगळी असते. ती प्रयोगशाळेतूनच निर्जंतुक केलेली आणायची, विसळायची नाही, आणि बर्फात ठेवून २४ तासांच्या आत पोचवायची.

दर वीस बाटल्यांमागे एका विहिरीचं पाणी दोन बाटल्यांत भरा आणि दुसरीला वेगळाच क्रमांक द्या. दोन्ही अहवाल जवळपास सारखे आले तर बाकीच्या आकड्यांवर विश्वास ठेवायला आधार मिळतो. दुसरी पडताळणी कागदावर होते. धनभारित घटकांची बेरीज (कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, पोटॅशियम) आणि ऋणभारितांची (बायकार्बोनेट, क्लोराइड, सल्फेट, नायट्रेट) मिलिइक्विव्हॅलंटमध्ये जवळजवळ समान यायला हवी. पाच-सात टक्क्यांपेक्षा जास्त फरक पडला तर तो नमुना नकाशावर न टाकता पुन्हा तपासायला द्या.

तपासणी कुठे? भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्यात आणि उपविभागांत आहेत, पिण्याच्या पाण्याचे नमुने तिथं जातात. सिंचनाच्या पाण्यासाठी कृषी विभागाच्या किंवा कृषी विद्यापीठाच्या माती-पाणी प्रयोगशाळा आहेत. खारपाणपट्ट्याला अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ जवळचं. शेतीच्या अहवालात ईसी बहुधा डेसीसीमेन्समध्ये येते. एक डेसीसीमेन्स प्रति मीटर म्हणजे प्रति सेंटिमीटर १००० मायक्रोसीमेन्स. जलजीवन मिशनखाली गावोगावी दिलेल्या फील्ड टेस्ट किटनं गावातल्या प्रशिक्षित महिला प्राथमिक चाचणी करू शकतात. ते किट संशयित विहीर हेरायला उत्तम आहे, निकाल मात्र प्रयोगशाळेचाच धरा.

वर्षातून दोनदा नमुने घ्या, मे महिन्यात आणि पावसाळा सरल्यावर ऑक्टोबरात. भूजल यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी ज्या महिन्यांत मोजते त्यांत हे दोन्ही येतात, म्हणजे जुळवून बघायला सोपं. पावसानंतर सगळीकडे पाणी सुधारतंच असं समजू नका. कित्येक विहिरींत नायट्रेट तेव्हाच वाढतं. गोठा, उकिरडा, शोषखड्डा, शेतातला युरिया, सगळं पहिल्या मोठ्या पावसांबरोबर खाली उतरतं. म्हणून नोंदवहीत विहिरीपासून पन्नास पावलांच्या आत काय आहे तेही लिहा.

रंग भरताना

क्यूजीआयएस ही संगणक प्रणाली विनामूल्य आहे. गावातला कुठलाही कॉलेजचा मुलगा किंवा मुलगी चार दिवसांत तिच्यावर टिंबं मांडायला शिकेल. तिच्यात दोन टिंबांमधल्या मोकळ्या जागेतही अंदाजानं रंग भरण्याची सोय आहे. जवळच्या विहिरीला जास्त भार, लांबच्या विहिरीला कमी, असा तो हिशेब असतो. नकाशा देखणा होतो आणि इथंच माणूस फसतो. पूर्णेच्या गाळासारख्या सलग थरात, तालुकाभर शंभरेक विहिरी असतील तर त्या रंगांना काही अर्थ असतो. महाराष्ट्राचा बहुतेक भाग मात्र बसाल्टचा. तिथं पाणी भेगांत आणि कुजलेल्या दगडाच्या थरांत साठतं, आणि एखादा डाईक, म्हणजे दगडाची उभी भिंत, आडवा आला की त्याच्या दोन बाजूंच्या विहिरींचा एकमेकींशी संबंधच उरत नाही. अशा गावात पंधरा विहिरींवरून सगळ्या शिवारात रंग पसरवणं म्हणजे न तपासलेल्या विहिरीला दाखला देणं आहे. गावपातळीवर टिंबंच ठेवा. तालुक्याचा सलग नकाशा केलाच, तर सर्वांत बाहेरच्या विहिरींच्या पलीकडे रंग जाऊ देऊ नका, आणि टिंबं पुसू नका. कुठं खरोखर मोजलंय आणि कुठं अंदाज आहे, हे बघणाऱ्याला दिसलं पाहिजे.

पिण्याच्या नकाशाला तीन रंग पुरतात. सगळे घटक स्वीकारार्ह मर्यादेत असतील तर हिरवा. टीडीएस ५०० ते २०००, कठीणपणा २०० ते ६००, क्लोराइड २५० ते १०००, फ्लोराइड १ ते १.५, यांपैकी काही मधल्या पट्ट्यात असेल तर पिवळा, म्हणजे दुसरा स्रोत नसेल तरच. यापुढे गेलं, किंवा नायट्रेट ४५ च्या वर गेलं, तर लाल. जंतूंसाठी वेगळी खूण करा. १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय अजिबात असता कामा नये, पण तो दोष टीसीएल पावडरनं, विहिरीचा कठडा-नाली दुरुस्त करून सुधारता येतो. ग्रामपंचायतींना स्वच्छता सर्वेक्षणातून मिळणारं हिरवं, पिवळं, लाल कार्ड हे मुख्यतः स्रोताच्या परिसरावर, जंतूंच्या जोखमीवर असतं. ते हिरवं आहे म्हणून फ्लोराइड नाही, असं होत नाही. आणि फ्लोराइड, नायट्रेट ना टीसीएलनं जातात ना उकळून. उकळल्यानं पाणी आटतं आणि त्यांचं प्रमाण उलट वाढतं.

फ्लोराइडसाठी एक आणखी खूण नकाशावर घ्या, मुलांचे दात. यवतमाळ जिल्ह्याच्या केळापूर, झरी-जामणी भागात, चंद्रपूरच्या वरोऱ्याकडे, नांदेडच्या किनवट भागात फ्लोराइडचा त्रास जुना आहे. शाळेत आठ ते बारा वर्षांच्या मुलांचे पुढचे पक्के दात बघा. दोन्ही बाजूंच्या दातांवर सारखेच खडूसारखे पांढरे पट्टे किंवा तपकिरी आडव्या रेषा असतील, तर ते मूल पहिल्या पाच-सहा वर्षांत कोणत्या विहिरीचं पाणी प्यायलं हे घरी विचारा आणि त्या विहिरीवर खूण करा. आता नळयोजना आली असेल, विहीर बंदही असेल. योजना बिघडली की लोक पुन्हा तिथंच जातात, म्हणून ती विहीर लालच राहिली पाहिजे. कॅल्शियम कमी आणि सोडियम-बायकार्बोनेट जास्त असलेल्या पाण्यात फ्लोराइड सहज विरघळून राहतं. त्यामुळे ‘हलक्या’ पाण्याची बोअर आधी तपासा, मग बाकीच्या.

सिंचनाच्या नकाशात प्रत्येक टिंबाला दोन गोष्टी द्या: टिंबाचा आकार ईसीनं, रंग आरएससी-एसएआरनं. ईसी ७५० पर्यंत निर्धोक, २२५० पर्यंत निचरा असेल तर चालतं, त्यावर फक्त क्षार सोसणारी पिकं. एसएआर १० च्या आत ठीक, १८ पर्यंत मध्यम, २६ च्या पुढे वापरूच नये. ही कोष्टकं सगळ्या जमिनींसाठी एकत्र केलेली आहेत. आपल्या चिकण काळ्या जमिनीत निचरा कमी, त्यामुळे मर्यादेच्या बऱ्याच आधी हात आखडता घ्या. नकाशावर जमिनीची खोली आणि निचऱ्याचे नालेही दाखवा. तेच पाणी मुरमाड जमिनीत निभतं आणि दहा फूट काळीत घात करतं.

मोठं टिंब पण हिरवा रंग असेल तर पिकाची निवड बदलून भागतं. कापूस क्षार बराच सोसतो, गहू मध्यम, हरभरा-मूग आणि संत्रा फार कमी. असं पाणी तुषार सिंचनानं दिलं तर पानांच्या कडा करपतात. लहान टिंब पण लाल रंग असेल, आपल्या उदाहरणातल्या बोअरसारखं, तर जिप्सम लागेल. आरएससीचा एक आकडा खाली आणायला हजार लिटर पाण्यामागे ८६ ग्रॅम शुद्ध जिप्सम लागतं. त्या बोअरचा ६ चा आरएससी २ वर आणायचा, म्हणजे हजार लिटरला ३४४ ग्रॅम. एकराला पाच सेंटिमीटरचं एक पाणी म्हणजे दोन लाख लिटर, म्हणजे जवळपास सत्तर किलो जिप्सम, दर पाण्याला. हा हिशेब नकाशाशेजारी लिहिलेला असला की नवी बोअर मारण्याऐवजी शेततळ्यात पावसाचं पाणी धरून हरभऱ्याला एक-दोन संरक्षित पाणी देणं कुठं परवडतं, हे शेतकरी स्वतःच ठरवतो. माती तपासून जमिनीला किती जिप्सम लागतं तो हिशेब वेगळा, तो कृषी सहायकाला धरून करा.

तयार झालेले दोन्ही नकाशे ग्रामपंचायतीच्या आत फळ्यावर ठेवू नका. पाण्याच्या टाकीखाली किंवा पारावर, जिथं बाया पाणी भरतात आणि माणसं बसतात, तिथं भिंतीवर रंगवा. अक्षरं मोठी, विहिरींची नावं गावात बोलतात तीच. ग्रामसभेत वाचून दाखवताना लाल विहिरीच्या मालकाला आदल्या दिवशी घरी जाऊन सांगा. सगळ्यांसमोर त्याला पहिल्यांदा कळलं तर पुढच्या वेळी तो नमुना घेऊ देणार नाही. कोपऱ्यात नमुन्यांची तारीख, किती स्रोत तपासले आणि किती राहिले, हे लिहा. राहिलेल्यांना करडा रंग द्या, रिकामी जागा सोडू नका. आणि पिवळ्या विहिरींची यादी वेगळी काढून ठेवा, मे महिन्यात पहिल्या बाटल्या त्यांच्याच भरायच्या आहेत.